माळ्यावरचा गठ्ठा द्यायचा कुणाला, आणि कसा?

पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना या पट्ट्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याची एक पेटी असते. आत तांबड्या फडक्यात बांधलेले कागद, आजोबांच्या वह्या, पोस्टकार्डं, थोडे फोटो, आणि अगदी वरच्या थरात भजनांच्या नाहीतर लग्नाच्या कॅसेटी. घराची वाटणी झाली, किंवा कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं, की ही पेटी एकदम नकोशी होते. कुणी म्हणतं रद्दीत घाला, कुणी म्हणतं नदीत सोडा. एखादी शिकलेली पुतणी म्हणते, ‘विद्यापीठाला देऊ या.’ हा लेख त्या पुतणीसाठी आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे. पण देण्याआधी घरात करायचं काम बरंच असतं, आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं काम घरच्या माणसांशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

विद्यापीठांच्या अभिलेखागारांत खासगी कागदपत्रांचे जे संग्रह असतात, ते असेच कुणाच्या तरी पेटीतून आलेले असतात. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राने 1960 च्या दशकापासून भारतात नोकरी करून परतलेल्या इंग्रज कुटुंबांकडून त्यांच्या दैनंदिन्या, घरी धाडलेली पत्रं, आठवणी आणि घरगुती चित्रफिती मिळवल्या, त्यांच्या मुलाखतीही ध्वनिमुद्रित केल्या. म्हणून साहेबाच्या बंगल्यातलं रोजचं जगणं आज अभ्यासकाला वाचता येतं, ऐकता येतं. त्याच साहेबाच्या कचेरीत बसणारा मराठी कारकून, त्याच्यापुढे उभा राहणारा मालगुजार आणि त्या मालगुजाराचं कूळ यांची घरं मात्र फार थोड्या ठिकाणी बोलतात. त्यांच्याकडे कागद नव्हते असं नाही. ते कुणी मागितले नाहीत आणि घरांनीही दिले नाहीत.

आपल्या भागात हे जास्त जाणवतं. छिंदवाडा जिल्ह्याचं गॅझेटियर रसेलसाहेबांच्या संपादनाखाली 1907 मध्ये निघालं, तेव्हा इथला कारभार नागपूरहून चाले. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि आपली राजधानी भोपाळ झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्यामुळे आपल्याच गावाचा सरकारी कागद शोधणाऱ्याला जुन्या काळासाठी नागपूर, नंतरच्यासाठी भोपाळ आणि छिंदवाडा अशा वाऱ्या कराव्या लागतात. घरातला गठ्ठा मात्र अखंड असतो. त्याच्या तळाशी मोडीतली एखादी कबुलायत किंवा फारकत सापडू शकते. त्यावर बाळबोध मराठीतली पत्रं असतात; काटोल, नरखेड, वरुडला दिलेल्या लेकींची आणि तिकडून आणलेल्या सुनांच्या माहेरची. मग 1951 मध्ये मालगुजारी गेली त्या वेळचे कागद, आणि त्यावर नातवाच्या शाळेच्या हिंदी वह्या, हिंदीतली ऋणपुस्तिका. एका घराने लिपी कधी बदलली, भाषा कुठे बदलली आणि कुठे बदलली नाही, हे या थरांतून दिसतं. सरकारी दप्तरात ते कुठेही नोंदलेलं नाही.

म्हणूनच पहिली सूचना: गठ्ठा निवडायला बसू नका. पेटी उघडली की हात शिवशिवतात. मराठी कागद एकीकडे, हिंदी दुसरीकडे, फोटो अल्बममध्ये, मोडीचं काही कळत नाही म्हणून बाजूला. असं केलं की घरातले सगळे कागद हाती असूनही त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तुटतं. अमुक पत्र तमुक पावतीत घडी करून का ठेवलं होतं, याला बहुतेक वेळा कारण असतं. जे ज्या पुडक्यात आहे ते त्याच पुडक्यात राहू द्या. पुडकं सोडण्याआधी वरून एक फोटो काढा, सोडल्यावर दुसरा. पुडक्यांना क्रमांक द्या. कागदावर शाईचं पेन चालवू नका. क्रमांक टाकायचाच तर मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने.

दुसरी सूचना मोठ्या घरांपेक्षा लहान घरांसाठी आहे. ‘आमच्याकडे काही ऐतिहासिक नाही,’ हे वाक्य फार ऐकू येतं, आणि ते जवळपास नेहमीच चुकीचं असतं. सनदा मालगुजाराच्या घरी असतील, पण संत्र्याच्या आडत्याने दिलेल्या पट्ट्या शेतकऱ्याच्या घरीच असणार. कोणत्या साली किती माल नागपूरला गेला, आडत, हमाली आणि भाडं वजा जाऊन हातात काय पडलं, हे त्या पट्टीइतकं नेमकं दुसरीकडे मिळत नाही. किराणा दुकानाच्या रोकड आणि खतावणीच्या वह्या, कोष्ट्याच्या घरातला सुताचा हिशेब, भजनी मंडळाची वर्गणीची वही, लग्नपत्रिका, मराठी शाळेतली प्रगतिपुस्तकं, छोट्या लाईनची तिकिटं, रोजगार हमीची जॉबकार्डं हे सगळं संग्रहाचा भाग आहे. नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन 2015 मध्ये बंद पडली. तिच्यावर सौंसरहून रोज ये-जा करणाऱ्याचा जुना पास आज जपून ठेवण्याजोगा कागद झाला आहे.

आणि ज्या घरात कागद अजिबात नाही, तिथे आवाज आहे. 1930 च्या जंगल सत्याग्रहात आदिवासी नेते बादल भोई यांना रामाकोन्याला अटक झाली. त्यांच्याबद्दल सरकारी बाजूने जे लिहिलं गेलं ते कुठे ना कुठे मिळेल. आसपासच्या गोंड घरांत पिढ्यांनी काय सांगितलं ते फक्त बसून ऐकलं आणि ध्वनिमुद्रित केलं तरच मिळेल.

कागद हाताळताना

आपल्याकडचा उन्हाळा कागदाचा मोठा शत्रू. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर मे महिन्यात जी धग साठते, तिने कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो, आणि लगेच येणाऱ्या पावसाळ्यात तोच कागद दमट हवा शोषून बुरशी धरतो. पेटी खालच्या खोलीत आणा. भिंतीला टेकवू नका, कारण वाळवी भिंतीतूनच येते. चार विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा. तांबड्या सुती फडक्यात बांधायची जुनी रीत चांगलीच आहे. सुती कापडातून हवा खेळते, प्लास्टिकच्या पिशवीत ओल आतच कोंडते. फडकं जुनं झालं असेल तर धुवून कांजी काढलेलं मांजरपाट वापरा. कांजीला कसर लागते.

टाचण्या, स्टेपलर, रबर हळूच काढा. टाचणी गंजून बसली असेल तर ओढू नका, कागद मागून बोटाने धरून ती सैल करा. फाटलेल्याला सेलोटेप लावायचा मोह आवरा. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होतो, कागदात मुरतो, आणि तो काढणं तज्ज्ञालाही जड जातं. लॅमिनेशन तर कधीच नको. तहसिलीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जुने दाखले हौसेने लॅमिनेट करून दिले जातात. एकदा प्लास्टिकमध्ये वितळवलेला कागद परत सुटा होत नाही. डांबराच्या गोळ्या कागदात ठेवू नका, त्यांची वाफ माणसालाही बाधते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर खडखडीत वाळलेला, आणि पेटीत, कागदाला लागून नव्हे.

कागद भिजला असेल तर उन्हात घालू नका. सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या टीपकागदावर किंवा धुतलेल्या सुती कापडावर एकेक पसरा. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली जुनी पत्रं पाण्याचा थेंब लागताच पसरतात, त्यांना ओला हातही लावू नका.

मोडी वाचता येत नाही म्हणून ते कागद निरुपयोगी ठरत नाहीत. वाचून देणारे जाणकार नागपुरात आणि पुण्यात मिळतात. पण वाचायला देताना मूळ कागद कुणाच्या हाती सोपवू नका, फोटो पाठवा. फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल कागदाच्या अगदी वर सरळ धरून. चारही कडा आल्या पाहिजेत, शेजारी एक फूटपट्टी ठेवली की आकार कळतो. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या. पाकीट तर नक्की: पत्रावर तारीख नसते तेव्हा पोस्टाचा शिक्काच कामी येतो. स्कॅनर मिळाला तर 300 किंवा 400 डीपीआयवर, रंगीत.

नोंद, म्हणजे अर्धं काम

यादी करायची तर ती अशी नको: ‘जुनी पत्रं, 40.’ अशी हवी: ‘पुडकं 3. निळ्या सुतळीने बांधलेलं. पोस्टकार्डं आणि आंतर्देशीय पत्रं. नरखेडहून मोठ्या आत्याने आजीला लिहिलेली, बहुतेक 1958 ते 1971. लिहिणारा गावातला मास्तर, कारण आत्याला लिहिता येत नव्हतं. मध्ये दोन रेल्वेची तिकिटं आणि एका बारशाचं आमंत्रण.’ यातली ‘लिहिणारा मास्तर’ ही माहिती कागदावर कुठेच नाही. ती फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते आणि त्यांच्याबरोबर जाते. अभिलेखागारातला कर्मचारी कितीही हुशार असला तरी तो हे शोधून काढू शकणार नाही.

फोटोंचं तसंच. जत्रेतल्या स्टुडिओतला, रंगवलेल्या पडद्यापुढे उभ्या चौघांचा फोटो नावांशिवाय अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नाही. काकाजींच्या शेजारी बसा, फोटो त्यांच्या हातात द्या आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून विचारा: ‘काकाजी, हे डावीकडून कोन कोन हाये?’ फोटो कुठे काढला, कोणत्या निमित्ताने, अंगावरचं लुगडं कुणाचं, हे विचारलं की पुढचं ते आपणच सांगतात. त्यांना ठाऊक नसेल तिथे ‘माहीत नाही’ असंच लिहा. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा. अंदाजाने घातलेलं नाव पुढे खरं म्हणून छापलं जातं.

माहितीशिवाय संग्रह किती मुका राहतो आणि माहितीसह किती बोलतो, याचं मराठीतलं उत्तम उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ओव्या याआधीही छापल्या जात होत्या, पण ‘लोकगीत’ म्हणून, गाणारीच्या नावाशिवाय. इथे प्रत्येक ओवीशी बाईचं नाव, तिचं गाव, तालुका जोडलेला आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनी कुणी त्या गावी जाऊन त्याच बाईला, किंवा तिच्या लेकीला, पुन्हा भेटू शकलं. आपल्या पेटीतली कॅसेट कुणी गायली एवढं जरी लिहून ठेवलंत, तरी ती याच रांगेत बसते.

कॅसेटी

कागद शंभर-दोनशे वर्षं टिकतो. कॅसेट टिकत नाही, आणि लोकांना हे उशिरा कळतं. 1980 आणि 90 च्या दशकांत टू-इन-वनवर घरोघरी जे भरलं गेलं, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं, भुलाबाईची गाणी, डहाके, महादेवाच्या यात्रेला पचमढीकडे निघालेल्या जथ्यांची गाणी, पोळ्याच्या झडत्या, लग्नातली मंगलाष्टकं, गावातल्या नाटकाची तालीम, ते सगळं एका बारीक चुंबकी थरावर आहे. तो थर उष्णतेने आणि ओलीने सुटतो, चिकट होतो. पेटीत एकच गोष्ट आधी हाती घेता येणार असेल तर कॅसेटी घ्या, कागदाला थोडी उसंत आहे.

सापडलेली कॅसेट लगेच वाजवू नका. आधी तिच्या वरच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या दोन छोट्या जिभल्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. खिडकीतून फीत पाहा: पांढुरकी बुरशी दिसली किंवा फीत एकमेकींना चिकटलेली वाटली तर ती वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि ध्वनी अभिलेखागारालाच विचारा, घरी लावली तर फीत तुटेल आणि यंत्रही खराब होईल. धड दिसणारी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. 90 आणि 120 मिनिटांच्या कॅसेटींची फीत पातळ असते, त्या हळू हाताळा. टेपच्या हेडला कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, साधं तेल किंवा अत्तर नको. कॅसेटी उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

संगणकावर उतरवताना टेपच्या हेडफोनच्या खाचेतून केबल जोडून घ्या. स्पीकरपुढे मोबाईल धरून केलेली नक्कल कामचलाऊ असते. फाईल वेव्ह प्रकारात, 24 बिट आणि किमान 48 किलोहर्ट्झवर ठेवा. एमपी-3 नातेवाईकांना पाठवण्यापुरती ठीक. तिच्यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल मूळ समजू नका, आणि आपली फाईलही जपणूक म्हणून तिथे पाठवू नका. दोन्ही बाजू पूर्ण उतरवा, मधली शांतता आणि कुजबुज कापू नका. कुणाचं तरी बाळ रडतं, कुणी ‘अवं, ते टेप चालू हाये का’ विचारतं, शेजारी गिरणी चालू होते. भजन ग्रंथांत सापडेल, हे कुठेच सापडणार नाही.

नक्कल झाली म्हणून कॅसेट फेकू नका. तिच्या कागदी खोक्यावर जे लिहिलेलं आहे त्याचाही फोटो घ्या. फाईलला नाव देताना साल, गाव, प्रसंग, गाणारे असा क्रम ठेवा. एक प्रत घरच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे. एकाच कपाटातल्या तीन प्रती एकाच शॉर्टसर्किटने जातात.

व्हीएचएसच्या कॅसेटींना हेच लागू. त्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार असेल, जाम नदीच्या पात्रातलं पळसाचं झाड आणि दोन्ही काठांवरचे पांढुर्णा आणि सावरगावचे लोक, तर ती फीत मोलाची आहे आणि जबाबदारीचीही. त्यात जखमी झालेली माणसं ओळखू येतात, त्यांची घरं आजही गावात आहेत. अशी फीत देताना काही वर्षं ती सर्वांना खुली करू नये अशी अट घालता येते, आणि माझ्या मते घालावीच.

नवा आवाज भरताना

जुने आवाज वाचवता वाचवता नवेही भरून ठेवा. भारताच्या भाषिक सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात देशभर ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांत ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या बोलीत उधळ्या मुलाची तीच ती बायबलमधली गोष्ट सांगितली आहे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात त्या आज ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा उच्चार कानावर पडतो, हे मोठंच; पण बोलणाऱ्याला स्वतःची गोष्ट सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला ते करता येतं.

कूलर आणि पंखा बंद करा, सकाळची वेळ निवडा. मोबाईल विमानाच्या खुणेवर टाका, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. तो हातात धरू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, वय आणि तुमचं नाव सांगा. मग त्यांना विचारा की हे रेकॉर्ड करू का, नंतर विद्यापीठाला देऊ का, इतरांनी ऐकलं तर चालेल का. आणि त्यांचं उत्तरही रेकॉर्डमध्येच येऊ द्या. कागदावर सही न येणाऱ्या माणसाची संमती अशी पक्की राहते.

प्रश्न लहान विचारा. ‘तुमच्या काळाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो. ‘पोळ्याला झडती कोन म्हने? त्यानं काय म्हटल्यावर भांडन लागलं होतं?’ असं विचारलं की अंगण उभं राहतं. घरात पवारी किंवा गोंडी बोलत असतील तर त्याच बोलीत बोलू द्या, मध्येच ‘शुद्ध बोला’ म्हणू नका. अभ्यासकाला नेमकी तीच बोली हवी असते. काकू सांगताना काका मध्ये बोलून दुरुस्त करत असतील तर दोघांना वेगळं बसवा. बाईची गोष्ट निम्म्यावर तोडली जाणं ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे.

कुणाला, कोणत्या अटींवर

संस्था निवडताना नाव मोठं आहे का यापेक्षा आपल्या गठ्ठ्यासारखं दुसरं काही तिच्याकडे आहे का, हे पाहा. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं स्वीकारतं, त्याचं क्षेत्रीय कार्यालय भोपाळला आहे. नागपूरला महाराष्ट्र शासनाचं विदर्भ अभिलेखागार आहे, आणि जुन्या मध्य प्रांताच्या संदर्भात आपले कागद त्याच्या शेजारी अर्थपूर्ण ठरतात. मोडी आणि मराठेशाहीच्या काळातल्या कागदांसाठी 1910 मध्ये स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. राजकीय आणि सामाजिक चळवळीतल्या कार्यकर्त्याची कागदपत्रं असतील तर दिल्लीचं पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय, पूर्वीचं नेहरू स्मारक, किंवा सोनीपतच्या अशोका विद्यापीठातला समकालीन भारताचा अभिलेख संग्रह. बायकांच्या आठवणी, फोटो, मुलाखती असतील तर बायकांविषयीच्या साहित्याचा संग्रह करणारी मुंबईची ‘स्पॅरो’ ही संस्था. गाण्याच्या ध्वनिमुद्रणांसाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं गुरुग्राममधलं संगीत-संशोधन अभिलेखागार. 1982 मध्ये ते पुण्यात सुरू झालं होतं. नागपूर आणि छिंदवाड्याच्या विद्यापीठांतल्या इतिहास आणि मराठी विभागांनाही जरूर विचारा. कपाट, माणूस आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी तिथे आहेत का ते स्वतः जाऊन पाहा. एखाद्या प्राध्यापकांच्या व्यक्तिगत उत्साहावर दिलेला गठ्ठा ते निवृत्त झाल्यावर कुणाचाच राहत नाही.

गठ्ठा उचलून नेऊ नका. आधी एक पानी पत्र पाठवा: कुटुंब कोणत्या गावचं, कागद कोणत्या काळातले, कोणत्या भाषा आणि लिप्या, पुडकी किती, कॅसेटी किती, अवस्था कशी, सोबत यादी आणि पाच-सहा फोटो. त्यांनी होकार दिला की लेखी करार मागा. करारात हे स्पष्ट हवं: कागद कायमचे दिले की ठेवायला दिले, तुम्हाला डिजिटल प्रत मिळणार का, कोण पाहू शकेल आणि कोणते भाग किती वर्षं बंद राहतील, छापायला परवानगी कोण देईल, त्यांना नको असलेले कागद परत येतील की नष्ट होतील. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. घरातल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, नाहीतर दहा वर्षांनी एखादा चुलतभाऊ हक्क सांगत येतो.

दोन कायदे माहीत असू द्या. पहिला, कॉपीराइटचा: पत्राचा कागद तुमच्या मालकीचा असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. त्यामुळे मामाने लिहिलेली पत्रं अभिलेखागारात ठेवायला देणं वेगळं आणि ती छापायची परवानगी देणं वेगळं. दुसरा, 1972 चा पुरावस्तू कायदा: 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं त्यात येतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. पुण्या-मुंबईतला किंवा अमेरिकेतला मुलगा ‘माझ्याकडे नीट राहील’ म्हणाला तर त्याला स्कॅन द्या, मूळ इथे राहू द्या. सनदा आणि शिक्क्यांचे कागद शोधत फिरणारे व्यापारी एकेक कागद उचलून नेतात, त्यांना पेटी दाखवूसुद्धा नका. आणि ज्या खरेदीखतावर, ऋणपुस्तिकेवर किंवा वाटणीपत्रावर आजचा जमिनीचा हक्क उभा आहे, ते मूळ कागद घरीच ठेवा. संस्थेला त्याची प्रत पुरते.

काही कुटुंबांना एकाच संस्थेकडे सगळं देता येणार नाही. कॅसेटी गुरुग्रामला, कागद नागपूरला, फोटो घरी, असं होऊ शकतं. हरकत नाही, पण यादी तोडू नका. पुडकं 1 पासून शेवटच्या कॅसेटीपर्यंतची एकच संपूर्ण यादी, कोणती गोष्ट कुठे गेली याच्या नोंदीसह, प्रत्येक संस्थेला द्या आणि ती आपल्या नोंदीत लावायला सांगा. नरखेडच्या आत्याची पत्रं नागपुरात वाचणाऱ्याला तिनेच म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्याची कॅसेट गुरुग्रामला आहे हे कळण्याचा तेवढाच एक मार्ग आहे. यादीची एक प्रत पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक गावच्या शाळेत द्या, कारण पुढच्या वेळी या कागदांची चौकशी करायला येणारा मुलगा बहुधा तिथूनच सुरुवात करेल.